एकच कोड, दोन वेगळ्या उंची: सशुल्क लोकेशन प्लगइनचा वापरानंतरचा अनुभव

परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे, त्यामुळे प्रश्न सरळ पैशाचा आहे: दरवर्षी पैसे भरण्याइतकं हे प्लगइन, म्हणजे ॲपला फोनचं स्थान मिळवून देणारा तयार कोड, काम करतं का? फ्लटरमध्ये (एकाच कोडवरून दोन्ही प्रकारच्या फोनचं ॲप बनवणारं साधन) लिहिलेलं, पायवाटा नोंदवणारं ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर न्यायचं, एवढ्यासाठी ते घेतलं होतं. नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं दुखणं या एकट्याचं नाही. जुनी आवृत्ती वापरून झालेलं मत होतं: ‘घेऊ नका’.

सगळ्यात मोठी तक्रार उंचीची. बहुतेक लोक अक्षांश-रेखांश तपासतात आणि पुढे जातात. उंची कुणी बघत नाही. अँड्रॉइड जी उंची देतो ती डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलापासून (जीपीएस वापरतं तो पृथ्वीचा गणिती, गुळगुळीत आकार) मोजलेली असते, आयफोन देतो ती समुद्रसपाटीपासूनची. या दोन पातळ्यांमधला फरक जागेनुसार बदलतो. हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रसपाटीची पातळी लंबगोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे, तर काही प्रदेशांत ती ऐंशी मीटरहून वर जाते. पातळी खाली असलेल्या किनाऱ्यावर अँड्रॉइड फोन उणे आकडा दाखवतो तो यामुळेच. जीपीएस बिघडलेलं नसतं. हे प्लगइन मात्र दोन्ही आकडे ‘अल्टिट्यूड’ (उंची) या एकाच फील्डमध्ये, म्हणजे माहितीच्या एकाच रकान्यात, टाकत होतं आणि माहितीपत्रकात फक्त ‘मीटरमध्ये’ एवढंच लिहिलेलं होतं. मदत कक्षाचं उत्तर: फोन मोकळ्या आकाशाखाली धरा.

एका फोनवर, एका वाटेवर एकूण चढ मोजायचा असेल तर हा फरक जाणवत नाही, कारण छोट्या टापूत तो जवळजवळ स्थिर असतो आणि वजाबाकीत निघून जातो. गोंधळ होतो तो दोन फोनवरच्या नोंदी एकत्र केल्या की. एकाच शिखराच्या दोन उंची येतात आणि नकाशावरच्या उंचीशी त्यातली एकच जुळते.

दुसरा दोष त्याच घरातला. उंची मिळालीच नाही तर प्लगइन शून्य द्यायचं. शून्य ही खरी उंची असू शकते! मूळ प्रणालींमध्ये याची नीट सोय आहे: अँड्रॉइडवर उंची आहे की नाही हे विचारता येतं, आयफोनवर उभ्या अचूकतेचा आकडा शून्य किंवा उणे आला की उंची ग्राह्य धरायची नाही. वेगाचंही तेच. आयफोन वेग माहीत नसेल तर उणे आकडा देतो. तो तसाच सरासरीत गेला की सरासरी वेग खाली ओढला जातो.

अद्ययावत टीप: इथवरचा मजकूर जुन्या आवृत्तीवरचा आहे. नव्या आवृत्तीत उंचीसोबत तिचा संदर्भ, म्हणजे लंबगोल की समुद्रसपाटी, वेगळा मिळतो आणि न मिळालेली किंमत रिकामी येते. या एका सुधारणेमुळे ‘घेऊ नका’ हे मत मागे घेतो. एका पातळीवरून दुसरीवर रूपांतर मात्र अजून आपल्यालाच करावं लागतं. अँड्रॉइड १४ पासून त्यासाठी प्रणालीतच कन्व्हर्टर आहे. जुन्या फोनवर जीपीएसच्या एनएमईए संदेशांतल्या (जीपीएस चिप पाठवते त्या ठराविक साच्यातल्या मजकूर-ओळी) जीजीए नावाच्या ओळीत समुद्रसपाटीपासूनची उंची आणि दोन पातळ्यांतला फरक दोन्ही येतात. उलट बाजूने, आयओएस १५ पासून आयफोनही लंबगोलापासूनची उंची देतो. जुन्या नोंदी दुरुस्त करायच्या तर प्रत्येक नोंद कोणत्या प्रणालीवरची हे साठवलेलं हवं. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रणाली, तिची आवृत्ती आणि आडवी व उभी अशा दोन्ही अचूकता प्रत्येक बिंदूसोबत जतन करा.

जिओफेन्सचं, म्हणजे नकाशावर आखलेल्या वर्तुळात फोन शिरला किंवा बाहेर पडला की सूचना देण्याचं काम मात्र मनापासून आवडलं. आयफोन एका ॲपला २० वर्तुळांवर लक्ष ठेवू देतो, अँड्रॉइड १००. प्लगइन जवळची १९ ठिकाणं नोंदवतं आणि विसावं मोठं वर्तुळ स्वतःभोवती आखतं. त्यातून बाहेर पडलं की यादी नव्याने बनते. फोन बंद करून चालू केला की अँड्रॉइडवरची वर्तुळं पुसली जातात, तीही ते पुन्हा नोंदवतं. त्रिज्या १०० ते १५० मीटरपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर सूचना उशिरा येते किंवा येतच नाही. आयफोनवर वापरकर्त्याने ‘अचूक स्थान’ बंद केलं असेल तर वर्तुळं कामच करत नाहीत, आणि हे ॲपच्या पडद्यावर स्पष्ट सांगावं लागतं.

परवानग्यांचं फार लिहीत नाही. अँड्रॉइड ११ पासून पार्श्वभूमीतली (ॲप पडद्यावर नसताना स्थान वाचायची) परवानगी वेगळी, नंतर मागायची. अँड्रॉइड १२ पासून अचूक आणि अंदाजे दोन्ही एकत्र मागायच्या. अँड्रॉइड १४ साठी बांधलेल्या ॲपमध्ये फोरग्राउंड सर्व्हिसचा (सूचना दाखवत चालू राहणारं काम) प्रकार ‘लोकेशन’ असा मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती नोंदवणारी फाइल) लिहिला नाही तर सर्व्हिस सुरू होतानाच ॲप कोसळतं. आयफोनवर स्थानाच्या नोंदी आपोआप थांबवण्याचा पर्याय मुळात चालू असतो. जेवायला बसलेला माणूस उठून चालू लागला तरी नोंद पुन्हा सुरू होत नाही, आणि नकाशावर एकदम सरळ रेघ उमटते. वाट नोंदवणाऱ्या ॲपमध्ये तो बंदच करा. गुगल सेवा नसलेल्या अँड्रॉइड फोनवर फ्यूज्ड प्रोव्हायडर (जीपीएस, वाय-फाय आणि मोबाइल टॉवर एकत्र करून स्थान देणारी गुगलची सेवा) मिळत नाही. तिथे प्लगइन प्रणालीच्या साध्या लोकेशन मॅनेजरवर उतरतं, पण इमारतीत पहिलं स्थान मिळायला फार वेळ लागतो.

नूतनीकरण करतो आहे, तेही फक्त जिओफेन्ससाठी, सगळ्यात स्वस्त परवान्यावर. मार्ग आणि उंची दोन्ही प्रणालींच्या स्वतःच्या कोडमधूनच घेणार. तुम्ही विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती एका अँड्रॉइडवर आणि एका आयफोनवर टाका, दोन्ही फोन मोकळ्या जागी शेजारी ठेवा आणि उंचीचं फील्ड वाचा. आकडे दहा-वीस मीटरच्या आत हलत राहिले तर ती जीपीएसची चूक. पण दोन फोनमधला फरक एकसारखा कायम राहिला, तर विक्रेत्याला संदर्भ पातळी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.