ऐकण्यासाठी वेगळा अँटेना: औशाजवळच्या शेतात चौदा महिने

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. ८० मीटर लांबीच्या लहरींच्या बँडवर मी पाठवलेलं युरोपात पोचत होतं. रिव्हर्स बीकन नेटवर्कवर, म्हणजे कुणाचा सिग्नल कुठे ऐकू आला याची आपोआप नोंद ठेवणाऱ्या साइटवर, जर्मनी-इटलीतल्या रिसीव्हरांनी माझं सीडब्ल्यू (मोर्स) पकडल्याच्या नोंदी दिसायच्या. पण तिकडून कोणी उत्तर दिलं की ते खरखरीत बुडून जायचं. ज्या उलट्या एलच्या आकाराच्या तारेच्या अँटेनावरून पाठवतो त्याच्यावरच मी ऐकत होतो, आणि तो चहूबाजूंचा गोंगाट सारखाच ओढून घेतो. गावात लाइट असली की एस-मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा) काटा एस-८ च्या खाली येत नाही. लोडशेडिंग सुरू झालं की तोच काटा एस-५ वर. असे कित्येक अंधारे तास वाट बघून काढले आणि मग ठरवलं, पाठवायचा अँटेना आहे तसा राहू द्यायचा आणि ऐकण्यासाठी वेगळा करायचा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. एवढ्या खालच्या बँडवर बाहेरचा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे ऐकण्याच्या अँटेनाला ताकद नसली तरी चालतं, दिशा मात्र हवी. सिग्नल दहा पट कमी झाला आणि गोंगाट पन्नास पट कमी झाला, तर आपण जिंकलो.

पहिला प्रयोग छतावर केला. ॲल्युमिनियमच्या नळीचा साधारण एक मीटर व्यासाचा लूप आणि त्याला प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट). लूपच्या दोन्ही चपट्या बाजूंना ऐकण्याचा खड्डा असतो, म्हणजे तिकडचं जवळपास ऐकू येत नाही. गोंगाट जवळच्या एकाच ठिकाणाहून येत असेल तर तो खड्डा तिकडे फिरवून छान दाबता येतो. शेजारच्या रानातलं रानडुकरांसाठीचं झटका मशीन रात्रभर सेकंदाला एकदा टक्-टक् करायचं, ते मी असंच घालवलं. पण पुढे-मागे हा लूप सारखाच ऐकतो आणि गावभरच्या चार्जर-बल्बांचा गोंगाट दहा दिशांनी येतो. ८० मीटरवर थोडा फायदा झाला. १६० मीटरच्या बँडवर जवळपास काहीच नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने हाच घ्यावा, बाकीच्यांनी यात फार पैसे घालू नयेत.

दुसरा के९एवाय. गॅरी ब्रीड या अमेरिकन हॅमने (के९एवाय ही त्याचीच कॉलसाइन) १९९७ साली मांडलेली ही रचना. साडेसात मीटरचा वेळू, त्यावरून खाली उतरणारे सुमारे २६ मीटर तारेचे दोन लूप एकमेकांना काटकोनात, मध्ये जमिनीत ठोकलेला अर्थिंगचा एकच रॉड, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि रिले (विजेने चालणारा स्विच). खोलीत बसून बटण फिरवलं की चार दिशा मिळतात. जागा जेमतेम नऊ-दहा मीटर लागते. रेझिस्टर तार गुंडाळलेला घेऊ नका, त्यात इंडक्टन्स असतो. पुढे-मागे फरक पडतो की नाही हे तपासायला मी दुपारी परभणी आकाशवाणी, १३०५ किलोहर्ट्झ लावायचो. दिवसा ती जमिनीलगत सरळ येते, म्हणून मीटर स्थिर राहतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे बटण फिरवलं की परभणी लक्षात येईल इतकी खाली बसायची.

मार्चमध्ये ती बसेनाशी झाली. रिलेचा डबा दोनदा उघडला, सोल्डरिंग पुन्हा केलं, कोॲक्स (अँटेनाकडून रिसीव्हरकडे येणारी केबल) बदलली. शेवटी सहज रॉड धरला तर तो हातात डुगडुगला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. रॉडच्या दोन्ही बाजूंना बोट आत जाईल एवढी भेग पडली होती. माती धातूपासून सुटली की अर्थिंग गेलंच. पावसाळ्यात तीच जमीन फुगून रॉड घट्ट आवळते, म्हणून ऑक्टोबरात लावलेला अँटेना नीट चालतो आणि मार्चमध्ये दगा देतो. परदेशी लेखांमध्ये हे मला कुठे सापडलं नाही. उपाय सोपा निघाला: रॉडपासून चारही दिशांना चार-चार मीटर तारा जमिनीवर पसरल्या आणि रॉडभोवती आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी. तेव्हापासून परभणी पुन्हा वेळेवर बसते.

आता बेव्हरेज, म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवर सरळ ताणलेली लांब तार. मला यावरच जास्त लिहायचं आहे, कारण माझा जीव त्याच्यात आहे. हॅरॉल्ड बेव्हरेजने १९२१ साली याचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पॉल गॉडलीने स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला तंबू ठोकून असल्याच सुमारे चारशे मीटरच्या तारेवर अमेरिकेतले हॅम ऐकले. शंभर वर्षांपूर्वीची ही तार आजही कामाला येते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार नाही.

आमच्या बांधाची लांबी १७० मीटर. तो जवळपास वायव्येला जातो. युरोपच्या दिशेशी पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, पण एवढ्या तारेचा झोत रुंद असतो, त्याने बिघडत नाही. आणि युरोपच्या बरोबर मागे, आग्नेयेला, इंडोनेशिया-मलेशियाचा विजांचा पट्टा येतो. त्याच्याकडे तारेची पाठ होते, हे आपलं नशीब. तांब्याची तार लावायची नाही, ती रानात टिकत नाही. मी झटका मशीनच्या कुंपणाचीच जस्ताची तार आणि तिचेच इन्सुलेटर कृषी सेवा केंद्रातून आणले. उंची अडीच मीटर, ट्रॅक्टरच्या वाटेवर साडेचार. लांबच्या टोकाला ४५० ओहमचा रेझिस्टर आणि रॉड, इकडच्या टोकाला नवास एकचा ट्रान्सफॉर्मर. त्याचे दोन्ही वेढे वेगळे ठेवावेत, आणि कोॲक्सच्या वाटेत फेराइटचा चोक घालावा, नाहीतर घरातला गोंगाट कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून चालत येऊन तारेत शिरतो. माझे पहिले पंधरा दिवस याच चुकीत गेले.

तार ओढताना चुलते बांधावर येऊन बसले. म्हणाले, "ह्ये तार कशाला लावलालास रं? डुकरं तर तिकडून येतेत." मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांना टूं-टूंच ऐकू आलं, पण पेरणीच्या आधी तार काढायची या अटीवर त्यांनी बांध दिला.

डिसेंबरातली पहाट, आपला सूर्य उगवायला अर्धा तास. उलट्या एलवर एस-७ ची खरखर. बेव्हरेजवर बटण टाकलं की काटा जवळपास शून्यावर येतो आणि त्या शांततेत एखादं स्टेशन अक्षर न् अक्षर उमटतं. मीटरकडे बघणाऱ्याला वाटेल अँटेना तुटला. १६० वर पहिल्या हिवाळ्यात मला एकूण चार युरोपीय देश मिळाले होते, बेव्हरेज लागल्यावर फेब्रुवारीपर्यंत एकोणीस.

त्रास सांगतो. वानरांची टोळी तारेला लोंबकळते, महिन्यातून एकदा तरी ताण द्यावा लागतो. पलीकडच्या शेतात ऊस वाढला की पानं तारेला टेकतात. एप्रिलच्या अवकाळीत जवळच वीज पडली आणि लांबच्या टोकाचा रेझिस्टर जळाला. तार तुटलेली नव्हती म्हणून आठवडाभर कळलंच नाही. आग्नेयेची कडकड पुन्हा यायला लागली तेव्हा लक्षात आलं, कारण टोक मोकळं झालं की तार दोन्हीकडून ऐकते. ढग दिसले की कोॲक्स काढून घराबाहेर टाकायची, हे आता घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पाठवताना ऐकण्याचा अँटेना रिलेने तोडणंही तितकंच गरजेचं, नाहीतर रिसीव्हरचं अँटेनाकडचं पहिलं सर्किट जळतं.

आणखी एक. बेव्हरेजला कोरडी, मुरमाड जमीन मानवते. चांगल्या वाहक जमिनीवर येणारी लहर कमी कलते, तारेत कमी शिरते. आमच्या काळ्या रानात ऐन पावसाळ्यात सिग्नल उतरतो तो यामुळे. ज्याच्याकडे पीक येत नाही असा माळ पडून आहे, त्याने तिथेच तार टाकावी. लातूर शहरातल्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हे जमणार नाही. तिथे माझ्या ओळखीच्या एका हॅमने छतावर सुमारे ९ बाय ४ मीटरचा फ्लॅग (आयताकृती लूप) लावलाय, त्याला अर्थिंगच लागत नाही. मी तो दोन रात्री ऐकला, के९एवायच्या तोडीचा वाटला.

मी दोन्ही ठेवले आहेत. वर्षभर के९एवाय, आणि सोयाबीन निघाल्यापासून जूनच्या पेरणीपर्यंत बेव्हरेज. जपानसाठी ईशान्येला दुसरी तार हवी आहे, पण तिकडचा बांध शेजाऱ्यांचा आहे. हरभरा निघाला की त्यांच्याकडे जाऊन विचारणार आहे.