रुंद टायरची टोपी

टायर बदलायला गेल्यावर समोरचा "थोडे रुंद टाकू, ग्रिप वाढंल" म्हणाला, तर पैशाचं बोलण्याआधी तुमच्या रिमवर काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवायला सांगा. आमच्या दाजींना हायवेलगतच्या एका चकचकीत दुकानाने याच वाक्यावर पस्तीस हजारांची टोपी घातली.

दाजींचं साताऱ्याच्या एमआयडीसीत वर्कशॉप आहे. जन्मभर पिकअप चालवल्यावर एक हौस म्हणून त्यांनी पुण्यातून सेकंडहँड पोर्श बॉक्स्टर घेतली, 987 मॉडेल. (आपल्याकडच्या गतिरोधकांवरून ती कशी काढायची, हा वेगळा विषय आहे.) तिच्या 17 इंची मूळ चाकांना पुढे 205/55 आणि मागे 235/50 टायर येतात (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत). पुढचे झिजले होते. 205/55 R17, म्हणजे 17 इंची रिमवरचा 205/55, हा आपल्याकडे सहज न मिळणारा साइज. दुकानात तो नव्हता. तसं सांगितलं असतं तर भांडणच नव्हतं. पण गिऱ्हाईक सोडायचं कसं? दुकानदार म्हणाला, "साहेब, मागं 235 आहेत ना, मग पुढं बारीक कशाला? चारी चाकं सारखी करू. गाडी रस्त्याला चिकटून चालंल." ऐकायला पटण्यासारखंच आहे. दाजी चहा पीत बसले आणि पोरांनी पुढे 235/45 चढवले.

मला शंका आली ती यवतेश्वरच्या घाटात. दाजींनी मोठ्या कौतुकाने स्टिअरिंग माझ्या हातात दिलं. वळणावर ते फिरवलं की गाडी क्षणभर विचार करून मग वळायची. चाक वळतंय, पण टायर मागून येतोय असं वाटायचं. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासल्याचा आवाज.

खाली आल्यावर दाजींच्या वर्कशॉपमधला खडू घेतला. टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ मारली आणि गाडी सरळ थोडी पुढे घेतली. मधला खडू साफ पुसला गेला, दोन्ही कडांचा तसाच पांढरा राहिला. म्हणजे 235 चे पैसे दिले, पण रस्त्याला टेकतोय फक्त मधला पट्टा. चाक काढून मागून पाहिलं, तर आऱ्याच्या पाठीवर ठसठशीत ओतलेलं होतं: 6,5J x 17. सगळी गोष्ट त्या साडेसहामध्ये आहे. टायरच्या कडा ज्या दोन बैठकींवर बसतात त्यांच्यातलं अंतर साडेसहा इंच. 205/55 R17 साठी रिमची रुंदी साडेपाच ते साडेसात इंच चालते. 235/45 R17 ला कमीत कमी साडेसात लागते. एक इंच कमी पडला की टायरच्या बाजू आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगून वर येतो. वळणावर त्या वाकड्या उभ्या राहिलेल्या बाजू डुलतात. मागच्या रिमा आठ इंची आहेत, म्हणून तिथे 235 शोभतो. "चारी सारखी" हे टायरबद्दल म्हणताना रिमा सारख्या नाहीत, हे दुकानदाराने गिळलं. शिवाय इंजिन सीटच्या मागे असलेल्या गाडीला कंपनी पुढे बारीक टायर देते ते उगाच नाही. मर्यादा ओलांडली तर आधी नाक घसरावं, शेपूट नाही, हा त्यातला हिशेब असतो.

पुढची गंमत आतल्या बाजूला. टायर कधी बनला ते चार आकडी अंकात असतं, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बऱ्याच टायरना हा अंक एकाच बाजूला असतो. यांच्यावर तो आत वळला होता: 2218. 2018 सालच्या बाविसाव्या आठवड्यातला माल "नवा स्टॉक" म्हणून 2024 मध्ये विकला.

दुकानात गेलो. आधी साहेब-साहेब झालं, मग सूर बदलला. "लावलेला टायर परत होत नाय." मधली झीज दाखवली तर उपाय काय सांगावा? "हवा पाच पॉइंट कमी ठेवा, बरोबर बसंल." हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. अरुंद रिमवर आधीच आवळलेला टायर, त्यात हवा कमी, आणि समोर घाट. जोरात वळताना कड बैठकीतून निसटली तर टायर जागेवर मोकळा होतो. पस्तीस हजार गेले तर गेले, हा सल्ला देणारा माणूस मला जास्त धोकादायक वाटतो. दाजींचे जुने 205 मागितले तर "ते भंगारात गेले".

बिल पाहा आता: "टायर 17 इंची, 2 नग". साइज नाही, बनावटीचा आठवडा नाही, काहीच नाही. ही चूक लिहिणाऱ्याची नव्हे, सोय आहे. तुम्ही पूर्ण साइज आणि तो चार आकडी अंक बिलावर लिहून घ्या, आणि लिहायला कुरकुर केली तर चाक जॅकवर चढू देऊ नका. आधीच चढले असतील तर जुने टायर डिकीत टाकून घरी आणा.

दाजींनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग खडूच्या रेघेचे, रिमवरच्या अक्षरांचे आणि 2218 चे फोटो जोडून दुकानाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दाव्याला दोन वर्षांची मुदत असते, हे कळल्यावर दाजींना हुरूप आला. नोटीस पोचताच दुकानातून फोन: "टायर आणून द्या, अर्धे पैसे देतो." दाजी टायर घेऊन निघालेच होते, मी अडवलं. टायर हाच पुरावा आहे. पूर्ण रक्कम आणि लेखी पावती मिळाल्याशिवाय ते द्यायचे नाहीत. सध्या ते वर्कशॉपमध्ये लेथच्या मागे पडले आहेत, जिल्हा आयोगात अर्ज गेला आहे, आणि पुण्याहून मागवलेल्या 205/55 वर गाडी पुन्हा कासला जाऊन आली.