‘ला त्राव्हियाता’ पहिल्यांदा बघताय? झेफिरेल्ली की डेकर?

भरत नाट्य मंदिरात संगीत नाटकं ऐकून कान तयार झालेल्या पुणेकराला ऑपेरा जड जात नाही. घोडं अडतं ते कुठलं सादरीकरण निवडायचं इथे. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेरापुरता, दिग्दर्शक झेफिरेल्ली की डेकर, हा माझा कौल सांगतो.

कथा थोडक्यात: पॅरिसमधली गणिका व्हायोलेटा क्षयाने आजारी आहे. आल्फ्रेदोवर तिचा जीव जडतो, पण त्याचा बाप येऊन ‘माझ्या मुलीचं लग्न मोडेल, याला सोड’ म्हणतो.

फ्रँको झेफिरेल्लीचा १९८२चा चित्रपट म्हणजे डोळ्यांची चंगळ. झुंबरं, रेशीम, आरसे. व्हायोलेटाची मैत्रीण फ्लोराच्या मेजवानीत तर मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेचे मॅक्सिमोव्हा आणि वासिल्येव नाचतात. तेरेसा स्ट्राटास आणि प्लासिदो डोमिंगो गातात. मूळ ऑपेराला कात्री लागलीय, पण कथा कुठेही हरवत नाही.

विली डेकरने २००५ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला रंगमंचावर ऑपेरा बसवताना हे सगळं झाडून काढलं. रंगमंचावर पांढरी वळणदार भिंत, एक प्रचंड घड्याळ आणि सोफे. व्हायोलेटा झालेली अ‍ॅना नेत्रेब्को लाल झग्यात, भोवतीचा कोरस (समूहगायक), बायकांसकट, काळ्या सुटात. डॉक्टर शेवटच्या अंकाची वाट बघत नाही. तो पहिल्यापासून यमासारखा उभा असतो. दुसऱ्या अंकात सोफ्यांवर फुलाफुलांच्या चादरी, दोघांच्या अंगावर तसलेच गाऊन. चार दिवसांचा संसार मोडतो तशा त्या चादरीही जातात. मग जुगार खेळायला तेच घड्याळ आडवं होतं. तिच्या उरलेल्या वेळेवर लोक पैसे लावतायत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘मूळ बरं की आधुनिक?’ हा वाद मला इथे फारसा पटत नाही. व्हेर्दीला हे नाटक त्याच्याच काळाच्या पोशाखात हवं होतं. १८५३मध्ये व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ही मागणी नाकारली गेली आणि कथेचा काळ १७००च्या आसपास नेला. समोर बसलेल्या प्रेक्षकांना आरसा दाखवण्याचा त्याचा डाव तिथेच फसला. त्या हिशेबाने झेफिरेल्लीचा सुंदर जुना जमाना व्हेर्दीच्या मनाजवळ, की डेकरचा सूट? मी डेकरच्या बाजूने. आपल्याकडेही रात्रभर चालणारी नाटकं तीन तासांत आली, वन्समोअर आटले. पदं उभी राहिली ती राहिलीच.

तरी सरसकट सल्ला देणार नाही. आई-बाबांना घेऊन बसणार असाल, किंवा गाण्यापेक्षा गोष्ट आधी हवी असेल, तर झेफिरेल्ली. शाकुंतल, सौभद्र कोळून प्यायला असाल, नेपथ्यावाचून अडत नसेल, तर थेट डेकर. डेकरला एकच अट: कथा आधी वाचून घ्या. बाप कशाला आलाय हेच कळलं नाही, तर दुसऱ्या अंकात नुसता सोफाच बघत बसाल.