फ्रेमलेस शॉवर ग्लास: माप घेणाऱ्याला 5 स्टार, सर्व्हिसला 3

काच चांगली आहे, ते आधीच सांगून टाकते. पण काच तशी बऱ्याच ठिकाणी चांगली मिळते, मूळ काच बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, त्यामुळे "मॅडम आमची काचच वेगळी" असलं कुणी सांगितलं तर त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. माझे या दुकानात पैसे वसूल झाले ते माप घ्यायला आलेल्या दादांमुळे.

आमचा फ्लॅट पिंपरी-चिंचवडमध्ये रावेतला, बाथरूम नेहमीचंच 5 बाय 8, कमोड आणि आंघोळ एकाच ठिकाणी म्हणजे सकाळी एकाची आंघोळ झाली की पुढच्याला ओल्या फरशीवरून जावं लागतं. म्हणून काचेचं पार्टिशन करायचं ठरवलं. बाकीच्या दुकानांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आणि रुंदी मागवली आणि लगेच स्क्वेअर फुटाचा रेट पाठवून दिला. हे लोक मात्र म्हणाले की टाइल्स आणि खालची ग्रॅनाइटची पट्टी बसल्याशिवाय माप घेणार नाही. तेव्हा रागच आला होता, कारण कॉन्ट्रॅक्टर मागे लागला होता की सगळं एकदम उरकून टाकू. पण त्यांचं कारण पटलं. टफन्ड काच 600 डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात, एकदा ते झालं की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडा घासायला गेलात तरी सगळी काच चुरा होऊन खाली येऊ शकते. म्हणजे बिजागरीचे कट, हँडलची भोकं, सगळं आधीच फायनल पाहिजे. फ्रेमवाल्या एन्क्लोजरमध्ये भिंतीचा वाकडेपणा फ्रेममध्ये लपतो, इथे लपायला जागाच नाही.

दादांनी रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी वेगवेगळी मोजली, ओळंबा लावला, तर एक भिंत वरून खाली 7 एमएम बाहेर निघाली (नवीन बिल्डिंग बरं का, बिल्डरला साष्टांग नमस्कार). त्या बाजूची फिक्स काच त्यांनी भिंतीच्या उताराप्रमाणेच कापून आणली, त्यामुळे आज फट कुठेच दिसत नाही.

मग त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या. मला दार डावीकडे हवं होतं, ते म्हणाले "ताई, ही सिपोरेक्सची भिंत आहे, इथे बिजागरी नको." सिपोरेक्स म्हणजे हलके, भुसभुशीत सिमेंटचे ब्लॉक. हिशोब असा की 10 एमएम काच म्हणजे एका स्क्वेअर मीटरला 25 किलो, आमचं दार 2 फूट बाय साडेसहा फूट म्हणजे जवळजवळ 30 किलो, आणि हे सगळं वजन दोन बिजागऱ्यांच्या स्क्रूवर लोंबणार. सिपोरेक्समध्ये साधे प्लग हळूहळू ढिले होतात आणि दार खाली बसतं. उजवीकडे आरसीसी कॉलम होता, दार तिकडे घेतलं. फिक्स काच सिपोरेक्सच्या बाजूला, तिला उभं यू-चॅनल (काच आत बसते ती धातूची खाचेची पट्टी) आणि वरून सपोर्ट रॉड. जमिनीत ड्रिल मारायला त्यांनी सरळ नाही म्हटलं, वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला येतील, म्हणून खालचं चॅनल सिलिकॉनने चिकटवलं. 12 एमएम काच दुसऱ्या एकाने गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, एवढ्या छोट्या दाराला काहीच गरज नाही, नुसतं बिजागऱ्यांवर वजन.

सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी विचारलं बादली कुठे ठेवता. आमच्या सासूबाई शॉवर घेतच नाहीत, स्टुलावर बसून बादली-तांब्यानेच आंघोळ. मग स्टूल, बादली सगळं आत ठेवून दाराची जागा ठरवली आणि दार बाहेरच उघडेल असं केलं, कारण आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर पडलेल्या माणसामुळेच ते अडतं. आधाराला धरायचा रॉड काचेवर नको, भिंतीवर लावा, हेही त्यांनीच सांगितलं. काचेची उंची साडेसहा फुटांवर थांबवली कारण वर गिझर आहे आणि तो साफ करायला मेकॅनिकला हात घालायला जागा पाहिजे. ग्रॅनाइटच्या पट्टीला आतल्या बाजूला किंचित उतार, म्हणजे दारावरचं पाणी नहाणी ट्रॅपकडेच जातं. असल्या गोष्टी पिंटरेस्टवर कुणी दाखवत नाही, तिथे सगळे परदेशातले कोरडे चकचकीत बाथरूम.

हार्डवेअर, म्हणजे बिजागऱ्या वगैरे, 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं घेतलं आणि बिलावर तसं लिहून घेतलं. तुम्हीही घ्या. मॅग्नेट चिकटला नाही म्हणजे 304 असं नसतं, झिंक अलॉयवर क्रोम मारलेल्या स्वस्त बिजागऱ्यांनाही तो चिकटत नाही.

आता तक्रारी. काच सांगितलेल्या तारखेला आली नाही आणि त्या काळात ऑफिसमध्ये कुणी फोन उचलेना. आली तेव्हा एका काचेची कड टवका उडालेली होती. टफन्ड काच मधे बऱ्यापैकी मार सोसते पण तिचा जीव कडेत असतो, म्हणून मी ती बसवूच दिली नाही. वाद न घालता बदलून दिली हे मात्र मान्य, पण पुन्हा थांबणं आलंच. काच घेताना कोपऱ्यातला टफन्डचा छाप आणि चारही कडा बोट न फिरवता, टॉर्च मारून बघा.

नॅनो कोटिंगचे (काचेवर पाणी आणि डाग टिकू नयेत म्हणून मारतात तो थर) वेगळे पैसे घेतले ते मला फुकट गेल्यासारखे वाटतात. पिंपरी-चिंचवडला नळाचं पाणी एक दिवसाआड, बाकी टँकर आणि बोअर, त्या जड पाण्याचे पांढरे डाग कोटिंग असूनही येतात, फक्त जरा पटकन निघतात. रोज आंघोळीनंतर वायपर मारला तरच काच काच दिसते, आणि घरात तो कोण मारतं हे सांगायला नको. डाग जुने झाले तर पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं, पण मार्बलवर सांडू देऊ नका.

दाराखालचा पारदर्शक सील काही महिन्यांतच पिवळा आणि कडक झाला. दुकानात विचारलं तर सीलच्या किमतीपेक्षा व्हिजिट चार्जच जास्त. शेवटी 10 एमएमचा सील ऑनलाइन मागवला, नवऱ्याने कटरने कापून बसवला, पाणी थांबलं.