पुस्तक बदलायला जाताय? आधी चिठ्ठ्या वाचा

सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या एका छोट्या वाचनालयाच्या बालविभागाबद्दल लिहितेय. वाचनालयाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंना मला रोज तोंड दाखवायचंय. अशोक चौकाच्या आसपास राहणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच. मी घरी ब्लाउज शिवते. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. दोघंही आपणहून "पुस्तक बदलायला चल" म्हणून मागे लागतात आणि त्याचं श्रेय मी तिथल्या कपाटावरच्या चिठ्ठ्यांना देते.

एरवी मुलांची पुस्तकं कशी लावलेली असतात? दाखल क्रमांकानं, नाहीतर बोधकथा, चरित्रं, विज्ञान, परीकथा अशा गठ्ठ्यांनी. इथे बाईंनी सगळं कपाट खाली उतरवलं, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर स्केचपेननं चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकेका कप्प्याला डकवल्या. 'हसायचंय'. 'शोधायचंय'. 'घरच्यांशी भांडण झालंय'. 'कुणीतरी गेलं'. 'आपल्या गावचं'. 'मोठ्यांचं आहे, तरी वाच'. वयोगट कुठेही लिहिलेला नाही, आणि मला विचाराल तर निम्मं यश त्यातच आहे. 'वय ८ ते १०' असं छापलेलं पुस्तक अकरा वर्षांचा पोरगा मित्रांसमोर हातात धरत नाही. आवडत असलं तरी नाही.

'हसायचंय'मध्ये गर्दी कायम. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' तिथे कधी जागेवर सापडत नाही. 'चिंटू'चे अंक इतके हाताळलेत की मधली पानं सेलोटेपवर जगतायत. काही पालक 'चिंटू'ला पुस्तक मानत नाहीत. चार चौकटी वाचून काय होणार, म्हणतात. पण ज्याला जोडाक्षर आलं की घाम फुटतो, त्या मुलाला एक गोष्ट शेवटपर्यंत वाचून झाल्याचा आनंद चार चौकटींतच मिळतो. आमच्या धाकट्याची गाडी तिथूनच सुटली. विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश' याच कप्प्यात आहे आणि ते मनातल्या मनात वाचायचं पुस्तकच नाही. मशीन चालू असताना तो मोठ्यानं म्हणतो, मी पायडल मारते.

'शोधायचंय' या कप्प्यात बाईंची अक्कल दिसते. हेरगिरी आणि विज्ञान त्यांनी शेजारी शेजारी ठेवलंय. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', सत्यजित राय यांचा 'फेलूदा' (मराठीत अशोक जैनांनी आणलेला), आणि त्यांना खेटून जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' आणि वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. फुरसुंगीच्या बनेश फेणेच्या मागे धावत आलेलं पोर न कळत कृष्णविवरापर्यंत पोचतं. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवताना आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं होतं, ही गोष्ट बाई मुलांना पुस्तक देतानाच सांगतात. मग मुलं आपापली नावं उलटी करत बसतात आणि पुस्तकही घरी नेतात.

'कार्व्हर' मात्र थेट पाचवीच्या हातात देऊ नका, सातवी-आठवी बरी. आणि देताना 'गरिबीतून वर आलेला थोर शास्त्रज्ञ' अशी प्रस्तावना करू नका, मुलं तिथंच गळतात. शेंगदाण्यापासून सुरू करा. अमेरिकेत कापूस घेऊन घेऊन जमिनीचा कस गेला, तेव्हा भुईमूग लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागलेला माणूस. ज्या गावात गिरण्यांचे भोंगे आजोबांच्या आठवणीत आहेत आणि शेंगाचटणीशिवाय ताट पुरं होत नाही, तिथल्या मुलाला याहून जवळचं काय सांगणार?

मला सगळ्यांत आवडलेला कप्पा 'घरच्यांशी भांडण झालंय' हा. त्यात साने गुरुजींची 'श्यामची आई' आहे. बाकी सगळीकडे हे पुस्तक 'संस्कार' नावाच्या फळीवर असतं, वाढदिवसाला काका देतात आणि मुलं ते उघडत नाहीत. खरं तर त्यातला श्याम चांगला हट्टी आहे. पोहायला जायचं नाही म्हणून लपून बसतो आणि आई त्याला शिमटीनं झोडपून बाहेर काढते. आईवर चिडलेल्या मुलानं हे वाचलं तर त्याला पहिल्यांदा श्याम आपल्यातला वाटतो, मग जमलं तर आई. थोरलीनं वाचून झाल्यावर मला विचारलं, "तू मला तसं मारलं असतंस का?" आमची चांगली अर्धा तास वादावादी झाली. ती माझ्या मते पुस्तकाची कमाई. त्याच कप्प्यात शांता शेळक्यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' आहे, बहिणी-बहिणींची रोजची धुसफूस असलेल्या घरांसाठी. जाड आहे, सुट्टीत न्या.

तेत्सुको कुरोयानागीची 'तोत्तोचान'ही इथेच लावलीय. शाळेतून काढून टाकलेली मुलगी, रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी नवी शाळा, तिचं सगळं ऐकून घेणारे मुख्याध्यापक. हे मी मुलांपेक्षा आयांना सुचवेन. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी त्या चिमुरडीला काही तास नुसतं बोलू देतात, तेवढी चार-पाच पानं वाचा आणि मग आपल्या पोराचं प्रगतिपुस्तक हातात घ्या.

आता पहिली तक्रार. 'कुणीतरी गेलं' ही चिठ्ठी चारचौघांत, ऐन दारासमोर आहे. ज्या मुलाच्या घरी खरंच कुणी गेलंय ते त्या कप्प्यापुढे उभं राहत नाही. मी पाहिलंय. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचे आजोबा वारले होते. तो त्या कप्प्याकडे बघायचा, मग कुणी आलं की 'हसायचंय'कडे सरकायचा. मागून मोठी पोरं "काय बघलालास बे?" म्हणून विचारणार, ही धास्ती. शेवटी मीच माझ्या कार्डावर राम पटवर्धनांनी अनुवादलेलं 'पाडस' काढून त्याला दिलं. फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पिल्लू. शेवट सांगत नाही. पण पिल्लू मोठं होऊन पिकात शिरायला लागतं तिथून पुढे हे पुस्तक आपल्याकडच्या मुलांना निराळं समजतं. नान्नजकडे ज्यांचं शेत आहे त्यांना काळविटांनी उभं पीक खाल्लं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. हरीणही गोड आहे आणि मामाचं नुकसानही खरं आहे, हे दोन्ही त्यांनी घरात ऐकलेलं असतं. तर बाईंना माझं सांगणं एवढंच, की ही एक चिठ्ठी काढा आणि ती पुस्तकं तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा. वयात येणाऱ्या मुलींची पुस्तकं तुम्ही तशीच खाकी कव्हर घालून खणात ठेवता आणि मुली बरोबर मागून नेतात.

'आपल्या गावचं' हा कप्पा कल्पनेनं फार मोठा, प्रत्यक्षात अर्धा रिकामा. जे आहे ते मात्र खणखणीत. मारुती चितमपल्ली सोलापुरात जन्मले, वनखात्यात जंगलं पालथी घातली, म्हातारपणी इथेच परतले आणि 2025च्या जूनमध्ये इथेच गेले, पद्मश्री मिळाल्याच्या वर्षीच. आडनाव ऐकलं की आमच्या भागातली तेलुगू घरातली पोरं कान टवकारतात. आठवी-नववीच्या मुलाला 'रानवाटा' द्या, 'चकवाचांदण' नंतर. ते आत्मचरित्र मोठ्या दमाचं आहे. पक्ष्यांची नावं वाचून झाल्यावर हिवाळ्यात एका सकाळी मुलांना सिद्धेश्वर तलावावर न्या, खर्च शून्य.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं एक पातळसं चरित्र आहे. भैय्या चौकातलं त्यांचं घर, जिथे आता स्मारक आहे, ते बघून आल्यावर धाकट्यानं ते एका बैठकीत संपवलं. 1938 साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यातले हे एक परतलेच नाहीत, एवढ्या दोन ओळींनी कुठलंही मूल अडकतं. पण स्वातंत्र्यलढ्यातल्या आपल्या चार हुतात्म्यांवर मुलांना झेपेल असं या कप्प्यात काही नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांच्या पुतळ्यांवरून मुलं रोज रिक्षातून जातात. 1930चा मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931ला येरवड्यातली फाशी, हे सगळं कपाटात आहे ते मोठ्यांच्या, बारीक टायपातल्या, सत्कारग्रंथी भाषेत. वाचनालयानं खरेदीच्या यादीत पहिला नंबर याला द्यावा.

'मोठ्यांचं आहे, तरी वाच' या कप्प्यावरून आमच्याकडे भांडणं झालीत, खरीखुरी. मिलिंद बोकिलांची 'शाळा' तिथे आहे. एक पालक बाईंच्या टेबलावर पुस्तक आपटून गेले, की नववीच्या मुलांना मुलींच्या मागे लागायला शिकवता का. 'शाळा' आणीबाणीच्या काळातली. नववीतला मुकुंद, त्याला आवडणारी शिरोडकर, वर्गातल्या पोरांची वात्रट बोली. तसं पाहिलं तर आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर यापेक्षा जास्त ऐकू येतं. मी थोरलीला ते नववीतच दिलं आणि आधी स्वतः वाचलं. सहावीला देणार नाही, तिथं नुसत्या गमती कळतील आणि शेवटची पानं हातातून निसटतील. बाईंनी पुस्तक कप्प्यातून काढलं नाही याबद्दल त्यांना माझे दहापैकी दहा.

त्याच्या शेजारी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आहे. मुलं ती उचलत नाहीत, मुखपृष्ठ काळवंडलंय. उचलायला लावा. फार जाड नाही. विशीतही न पोचलेला पोरसवदा मास्तर, धनगरांची वाडी आणि दुष्काळ. सांगोल्याकडे ज्यांचे पाहुणे आहेत त्यांना हा मुलूख नवा नाही.

अगदी लहानांसाठी खालची फळी आहे, तिला चिठ्ठी नाही, चित्रं आहेत. तिथली राणी म्हणजे माधुरी पुरंदरे. 'राधाचं घर' आणि 'यश'ची पुस्तकं आमच्या शेजारची पहिलीतली मुलगी, घरी फक्त तेलुगू बोलणारी, चित्रांवरून स्वतःच सांगते, अर्धं तेलुगूत अर्धं मराठीत. शाळेत गप्प बसणारी मुलगी इथे बडबडते. पुरंदऱ्यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे बालगट आणि कुमारगटाचे भागही आहेत. विकत घ्यायची ऐपत असेल तर घ्याच. ते सावकाश चाखायचं पुस्तक आहे, आठ दिवसांत परत करायचं नव्हे.

उरलेल्या कुरबुरी पटकन. वेळ संध्याकाळी 5 ते 8, म्हणजे ऐन ट्यूशनची. रविवारी बंद. याच्याइतका उलटा कारभार नाही. 'फास्टर फेणे'च्या वीस पुस्तकांपैकी बरीच गायब आहेत आणि जी आहेत त्यांची बाइंडिंग इतकी घट्ट केलीय की आतल्या समासातले शब्द वाकून वाचावे लागतात. मुलांना एका वेळी एकच पुस्तक मिळतं. वर्गणी महिन्याला 30 रुपये, अनामत 200. आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो न्या, नाहीतर परत पाठवतात.

आणि ज्यांना जायला जमतच नाही त्यांच्यासाठी: 'बालभारती'चं 'किशोर' मासिक 1971पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. दिवाळी अंकांपासून सुरुवात करा.