पुण्याच्या तपकीर गल्लीतलं बॅटरीचं दुकान: गॅरंटी-वॉरंटीचा हिशोब नीट सांगतात

दुकान छोटंय, गाडी लावायला जागा नाही, टू-व्हीलरवरच जा. पण इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायची असेल तर इथे जा, कारण मालक पैसे घ्यायच्या आधी गॅरंटी किती आणि वॉरंटी किती ते कागदावर लिहून दाखवतात.

बॅटरीवर मोठ्या अक्षरात ६० महिने छापलेलं असतं ना, ते बऱ्याचदा ३६+२४ असतं. पहिले ३६ महिने गॅरंटी, म्हणजे बॅटरीतच दोष निघाला तर फुकट बदलून. पुढचे २४ वॉरंटी, म्हणजे प्रो-राटा, नवीन घ्यायची आणि त्यावर टक्क्याने सूट, जितका उशीर तितकी सूट कमी. आणि खरी गोम अशी की सूट धरतात एमआरपीवर, आता एमआरपीला बॅटरी घेतो कोण? समजा एमआरपी २०,००० आणि सूट ३० टक्के, म्हणजे भरायचे १४,०००, आणि जुनी देऊन तीच बॅटरी बाजारात साधारण तेवढ्यालाच मिळत असेल तर त्या २४ महिन्यांचं काय लोणचं घालायचं? शिवाय फुकट बदलून मिळाली तरी मुदत सहसा पहिल्या बिलापासूनच धरतात, नव्याने ३६ सुरू होत नाहीत.

हा झाला बाजारातला अर्थ. कायद्यात वेगळंच आहे, १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटी म्हणजे दुसऱ्याने पैसे बुडवले तर मी भरीन, जामीनदार राहतो तसं. आणि १९३० च्या मालविक्री कायद्यात वॉरंटी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. त्यामुळे कार्डावरच्या मोठ्या शब्दाला भुलू नका, खालचं बारीक वाचा. डिस्टिल्ड वॉटर न घातल्याने प्लेटा सुकल्या तर क्लेम उडतो हे तिथेच असतं.

पक्कं जीएसटी बिल, त्यावर सिरीयल नंबर, कार्डावर शिक्का आणि तारीख, सगळं न मागता मिळालं. क्लेमला बॅटरी गेली तर तोवर वापरायला दुसरी देतो म्हणालेत, ते वेळ येईल तेव्हा बघू. जुन्या बॅटरीचे पैसे मात्र थोडे कमी धरले. आमच्याकडे लिफ्ट नाही म्हणून वर चढवायचे वेगळे लागले, पण १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर प्रकारची बॅटरी ॲसिड भरलेली ५० किलोच्या वर जाते, ती चढवणाऱ्या पोराशी काय घासाघीस करणार.