मेल पाठवणाऱ्याचा माग काढून देतो म्हणणारे

मेलबॉक्स उघडावा तर पाठवणाऱ्याच्या जागी आपलाच पत्ता. विषयाच्या ओळीत आपला पासवर्ड, आणि तोही खरा, कधीकाळी वापरलेला. खाली मजकूर असा, की तुमचा कॅमेरा माझ्या ताब्यात आहे, तुमची नको ती चित्रफीत माझ्याकडे आहे, दोन दिवसांत बिटकॉइन पाठवा. 2018 पासून हा मेल थोड्याफार फरकाने जगभर फिरतो आहे. चित्रफीत बिलकुल नसते. पासवर्ड कुठल्यातरी वेबसाइटच्या जुन्या डेटागळतीतून उचललेला असतो, आणि एकच मजकूर हजारो पत्त्यांवर जातो.

पण घाबरलेल्या माणसाला हे माहीत नसतं. घरात कोणाला सांगायची सोय नसते, म्हणून तो गुपचूप शोधायला लागतो, की हा पाठवणारा आहे तरी कोण. तिथेच त्याला दुसरा ठग गाठतो.

हा दुसरा ठग टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर ‘सायबर एक्सपर्ट’ म्हणून भेटतो. आधी थोडीच रक्कम मागतो, ट्रेसिंगची फी म्हणून. एक-दोन दिवसांत पीडीएफ येते. तिच्यात आयपी पत्ता (इंटरनेटला जोडलेल्या यंत्राचा क्रमांक), नकाशावर लाल खूण, इमारतीचं उपग्रहचित्र आणि ठिकाण कॅलिफोर्नियातलं माउंटन व्ह्यू. अहवाल पाहून विश्वास बसतो. मग नाव आणि मोबाइल नंबरासाठी वेगळे पैसे, मग ‘सर्व्हर अनलॉक’ करायचे, मग त्यावर जीएसटी. शेवटी ‘तपासासाठी’ मेलचा पासवर्ड, ओटीपी किंवा एनीडेस्कचा (दुरून आपला संगणक चालवू देणाऱ्या ॲपचा) कोड मागितला जातो. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, कारण तोवर मेलबॉक्स सुरक्षित असतो आणि आता तो खरोखर परक्याच्या हाती जातो.

त्या अहवालातला आयपी पत्ता खोटा असेलच असं नाही. माउंटन व्ह्यूला गूगलचं मुख्यालय आहे. जीमेलवरून मेल पाठवला की त्यावर सहसा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता पडतो, पाठवणाऱ्याच्या घरचा नाही. म्हणजे पैसे मोजून तुम्हाला गूगलच्या कचेरीचा फोटो मिळाला. नकाशावरच्या खुणेचं तर विचारूच नका. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळ एक शेतवाडी आहे. आयपीवरून ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीने ‘देश अमेरिका, बाकी ठाऊक नाही’ अशा 60 कोटींवर पत्त्यांची खूण त्या वाडीवर टाकून ठेवली होती. वर्षानुवर्षं तिथल्या लोकांच्या दारात पोलीस आणि फसवले गेलेले संतप्त लोक येत राहिले. 2016 मध्ये त्याचं कारण उघड झालं.

जे पाहण्यासारखं आहे ते फुकट पाहता येतं. जीमेल संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा, मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही. मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच त्या पत्त्यावरून आला का हे पाहणाऱ्या तीन तपासण्यांचे निकाल दिसतात. तुमच्याच पत्त्यावरून आलेल्या मेलला डीमार्क ‘फेल’ असेल, तर पत्ता नुसता वर लिहिलेला आहे. पाकिटावर कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो, तसंच हे. मात्र तिन्ही ‘पास’ असतील तर सावध व्हा. मग खात्यात कोणीतरी शिरलं असण्याची शक्यता आहे. आधी पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, अनोळखी डिव्हाइस काढून टाका आणि सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ व ‘फॉरवर्डिंग’ तपासा. घुसखोर तिथे आपला पत्ता टाकून ठेवतात आणि पासवर्ड बदलल्यावरही मेल त्यांना जात राहतात.

त्या तक्त्याखाली मेलचा हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाची नोंद असते. तिच्यात ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. भरवसा ठेवायचा तो तुमच्या स्वतःच्या मेलसेवेने नोंदवलेल्या ओळीवर. त्याखालच्या ओळी पाठवणाऱ्याने बनवून घातलेल्या असू शकतात. ज्यांचा पहिला आकडा नेमका 10 आहे किंवा जे 192.168 ने सुरू होतात, ते पत्ते घर-कचेरीच्या आतल्या जाळ्यांतले असतात, त्यांच्यावरून काहीच कळत नाही. वेळही नीट पाहा. तिच्यापुढे उणे 0700 असेल तर आपली वेळ काढायला साडेबारा तास मिळवावे लागतात.

आणि आयपी पत्ता अगदी खरा मिळाला तरी त्यामागचं नाव फक्त इंटरनेट कंपनीकडे असतं. मोबाइल नेटवर्कवर एकच पत्ता एका वेळी अनेक ग्राहक वापरतात, म्हणून ग्राहक ओळखायला अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक (त्या जोडणीचा वेगळा आकडा) लागतो. ती माहिती कंपनी पोलिसांना कायदेशीर मागणीवरच देते. एखादा खाजगी माणूस पैसे घेऊन ती आणून देतो म्हणाला, तर एक तर तो खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सेवादात्यांनी लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे असतात. तक्रार लांबवली तर पोलिसांना मागायला लॉग उरतीलच असं नाही.

धमकीचा मेल पुसू नका. दुसऱ्याला नुसता फॉरवर्डही करू नका, त्यात मूळ हेडर उरत नाही, आणि स्क्रीनशॉटमध्ये तो नसतोच. ‘शो ओरिजिनल’च्या पानावर ‘डाउनलोड ओरिजिनल’ करून मेलची मूळ फाइल (ईएमएल) जपून ठेवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. माग काढणाऱ्याला पैसे देऊन बसला असाल, तर लाजेखातर एक रात्रही जाऊ देऊ नका. पैसे पुढच्या खात्यांत सरकायला फार वेळ लागत नाही. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. बोलताना यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम हाताशी असू द्या, आणि त्या माणसाचे चॅट ब्लॉक करण्याआधी एक्स्पोर्ट करून घ्या.